अनंतकोटी ब्रह्मांडे आणि दुर्लभ नरदेह

(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवात मिसरोद येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

मठाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हटले म्हणजे नामाचा महिमा, संतांची चरित्रे अथवा एखाद्या ओवीचे निरूपण हेच विषय साहजिक ठरतात. कार्यवाह मंडळींनी मात्र या वर्षी मजकडे जो विषय सोपविला आहे, तो ऐकून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. 'या विश्वात पृथ्वीखेरीज अन्यत्र बुद्धिमान जीव आहेत काय?' हा तो विषय होय. हा प्रश्न ज्योतिर्विदांचा आणि वेधशाळांचा. मठात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु थोडा विचार केला तर असे दिसून येईल की, हा प्रश्न आपण जाणते-अजाणतेपणी रोजच मुखाने उच्चारीत असतो.

आरती संपल्यावर आपण जो जयजयकार करतो त्यात भगवंतास 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' असे संबोधतो. ब्रह्मांड एक नव्हे, शंभर नव्हे, कोटी नव्हे, अनंतकोटी. आणि त्याच मंदिरात, त्याच संध्याकाळी, कीर्तनकारबुवा उभे राहिले म्हणजे आपणांस बजावतात की, चौऱ्यायशी लक्ष योनींचे फेरे झाल्यावर लाभणारा हा नरदेह अत्यंत दुर्लभ आहे. सज्जनहो, ही दोन वचने क्षणभर शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिले वचन विपुलतेकडे बोट दाखविते, दुसरे दुर्मिळतेकडे. ब्रह्मांडे जर अनंतकोटी असतील तर त्यांपैकी दुसऱ्या कोणत्या तरी ठिकाणी, आकाशाकडे पाहून 'हे कोणी निर्माण केले' असे विचारणारा प्राणी असेलच, असे पहिल्या वचनावरून वाटते. आणि विचारी प्राण्याचा देह इतका दुर्लभ असेल तर तो कदाचित येथेच, या एका भूगोलावरच प्रकट झाला असेल, असे दुसऱ्यावरून वाटते. आजच्या शास्त्रज्ञांतही याच दोन बाजू आहेत. म्हणून या विषयाकडे आपण पाहुण्याप्रमाणे नव्हे, तर घरच्या माणसाप्रमाणे पाहावयास हरकत नाही.

प्रथम विपुलतेची बाजू पाहू. आपला सूर्य ज्या तारकासमूहात आहे त्या आकाशगंगेत निदान १०,००० कोटी तारे आहेत, आणि तिच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकास जावयास प्रकाशासही सुमारे १ लक्ष वर्षे लागतात. अशा आकाशगंगाही विश्वात असंख्य आहेत. या ताऱ्यांभोवती ग्रह असतील असे तर्काने म्हणत असत. प्रत्यक्ष पुरावा मात्र नव्हता. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए क्वेलो या स्विस शास्त्रज्ञांनी सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह प्रथम दाखवून दिला, आणि त्याबद्दल त्यांस २०१९ साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला. २०२५ सालापर्यंत अशा परक्या ग्रहांची नोंद ६,००० च्या वर गेली. म्हणजे दुसरी जगे आहेत की नाहीत, हा प्रश्न आता उरलेला नाही. जगे आहेत, त्यांत वस्ती आहे काय, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.

आपल्या पूर्वजांच्या कल्पनेस या विपुलतेचे भय कधी वाटले नाही. योगवासिष्ठातील लीलेच्या आख्यानात सरस्वती त्या राणीस एका घराच्या अवकाशात सामावलेले दुसरे विश्व दाखविते. ब्रह्मवैवर्त पुराणात इंद्राच्या गर्वहरणाची कथा आहे. विश्वकर्म्याकडून अधिकाधिक भव्य प्रासाद बांधून घेणाऱ्या इंद्रापुढे भगवान बटुवेषाने येतात, भूमीवरून चाललेली मुंग्यांची रांग पाहून हसतात, आणि सांगतात की यांतील प्रत्येक मुंगी पूर्वी एकेका ब्रह्मांडाचा इंद्र होऊन गेली आहे. युरोपात जिओर्डानो ब्रूनो या तत्त्ववेत्त्यास १६०० साली रोम येथे जिवंत जाळण्यात आले. त्याच्या मतांत, विश्व अनंत असून जगे अनेक आहेत, हेही एक होते. आपल्याकडे तेच मत आजीच्या तोंडून नातवंडे ऐकत आली.

परंतु येथेच एक सावधगिरीचा इशारा दिला पाहिजे. या कथांवरून 'आमच्या ऋषींस परग्रहांवरील वस्ती ठाऊक होती' असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरला पाहिजे. 'अनंतकोटी' हा शब्द भक्ताने भगवंताचे माहात्म्य गाण्यासाठी उच्चारलेला आहे. ती जगांची शिरगणती नव्हे. मुंग्यांची कथा इंद्राचा गर्व उतरविण्यासाठी आहे. तिचा उपयोग आपण आपला गर्व वाढविण्यासाठी केला तर तिचे मर्मच हरवते. पुराणाने आपल्या मनाचे दार मोठे ठेवले, हा त्याचा उपकार. दारातून आत कोण आले, हे मात्र डोळे उघडून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

डोळे उघडून पाहणाऱ्यांपैकी एका थोर मराठी पुरुषाचे येथे स्मरण करतो. डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरात झाला; बालपण मात्र काशीस गेले, कारण वडील तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. महाराष्ट्राबाहेर वाढूनही घरात मराठी जपणाऱ्या आपणां सर्वांस त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी, हे स्वाभाविक आहे. पुणे येथील आयुका ही संस्था १९८८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली, आणि 'यक्षांची देणगी'सारख्या विज्ञानकथांनी त्यांनी मराठी वाचकांस अंतराळाची गोडी लावली. २० मे २०२५ रोजी ते दिवंगत झाले.

जीवसृष्टीची बीजे अंतराळातून पृथ्वीवर आली असावीत, असे मत फ्रेड हॉईल आणि चंद्र विक्रमसिंघे यांनी मांडले होते. ते पारखून पाहण्यासाठी नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली हैदराबादहून एक प्रचंड फुगा आकाशात सोडला, आणि २० एप्रिल २००५ रोजी पुन्हा दुसरा. या दुसऱ्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील विरळ हवेचे नमुने निर्जंतुक केलेल्या नळ्यांत भरून खाली आणले. तपासणीत १२ प्रकारचे जीवाणू व ६ प्रकारच्या बुरश्या आढळल्या, आणि त्यांत ३ जीवाणू विज्ञानास सर्वस्वी नवे होते. एकास हॉईल यांचे नाव दिले, एकास इस्रोचे, एकास आर्यभटाचे. सूर्याचे घातक अतिनील किरण सहन करण्याची या तिघांची शक्ती असामान्य होती.

आता ऐका, यातील खरा बोध. इतके सर्व हाती लागल्यावर 'परलोकीचे जीव सापडले' असा डंका पिटणे किती सोपे होते! २००९ साली निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा स्पष्ट म्हटले गेले की, हे जीवाणू पृथ्वीबाहेरून आले असे यावरून निश्चित सिद्ध होत नाही. मात्र शोध पुढे चालू ठेवण्यास यातून उत्तेजन मिळते. ज्या मताविषयी स्वतःस जिव्हाळा आहे त्याच्याही बाजूने पुराव्यापेक्षा एक शब्द अधिक बोलावयाचा नाही, हा संयम आहे. आपण याला वाणीचे तप म्हणतो.

जीव किती चिवट असतो याचे आणखी एक उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे आहे. फार प्राचीन काळी एक अशनी दख्खनच्या काळ्या पाषाणावर कोसळला आणि सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर पडले. त्यातील सरोवराचे पाणी अतिशय खारट व क्षारयुक्त आहे; मासा त्यात जगत नाही. २०२० सालच्या जून महिन्यात ते पाणी एकाएकी गुलाबी झाले. लोकांत नाना तर्क उठले. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेने पाणी तपासून दाखविले की, मिठाची आवड असलेल्या सूक्ष्मजीवांनी आपल्या अंगच्या रंगाने ते रंगविले होते. जेथे आपणांस मरण दिसते तेथेही जीव नांदू शकतो. मंगळावर किंवा गुरू-शनींच्या बर्फाच्छादित उपग्रहांवर सूक्ष्मजीव शोधण्याचा खटाटोप शास्त्रज्ञ का करतात, ते यावरून ध्यानी येईल.

पण सूक्ष्मजीव ही एक गोष्ट आणि बुद्धिमान जीव ही दुसरी. येथे दुर्मिळतेची बाजू पुढे येते. तिचे बळ समजण्यासाठी आपल्या परिचयाचा दाखला देतो. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. हे सर्व आयुष्य म्हणजे एक अखंड नामसप्ताह आहे, असे समजा. पहिल्या दिवशी सूर्योदयास वीणा उभी राहिली आणि सात अहोरात्र संपल्यावर आठव्या दिवशीच्या सूर्योदयास समाप्ती झाली. जीवसृष्टीच्या सर्वांत जुन्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत. म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या रात्रीच्या कीर्तनापर्यंत सूक्ष्मजीव हजर झाले. त्यानंतर तिसरा दिवस गेला, चौथा गेला, पाचवा, सहावा गेला. आणि डोळ्यांस दिसतील असे प्राणी अवतरावयास सातव्या दिवसाची सकाळ उजाडली. मनुष्य केव्हा आला? समाप्तीस अवघी ४० सेकंदे उरली तेव्हा. आणि आकाशात संदेश धाडू शकणारी रेडिओची विद्या त्यास साधली ती शेवटच्या सेकंदाच्या पन्नासाव्या अंशाहूनही कमी काळात.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. जीव लवकर आला, पण बुद्धी फार उशिरा आली. तेव्हा जेथे जीव तेथे बुद्धी, असे समीकरण मांडता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की, दोन बुद्धिमान जगांची गाठ पडावयाची तर ती एकाच काळी जागी असावयास हवीत. पावसाळ्यातील काळोख्या रात्री एक काजवा लुकलुकला आणि विझला. दूरच्या दुसऱ्या झाडावर दुसरा लुकलुकला, पण पहिला विझल्यानंतर. दोघेही खरे, आणि तरी दोघांसही आपण एकटेच आहोत असे वाटले. १९५० साली एन्रिको फर्मी या शास्त्रज्ञाने भोजनाच्या वेळी सहकाऱ्यांस विचारले होते की, इतकी जगे असताना हे सारे आहेत तरी कोठे? या साध्या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही.

प्रश्नाचे उत्तर हवे तर कान लावून ऐकले पाहिजे. १९६० साली अमेरिकेत ग्रीन बँक येथे फ्रँक ड्रेक यांनी रेडिओ दुर्बीण दोन जवळच्या ताऱ्यांकडे वळवून असे ऐकण्यास प्रारंभ केला. असे ऐकणे खरोखर शक्य आहे काय, अशी शंका येणाऱ्यांनी जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जावे. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखातून वेद वदविले त्या रेड्याची समाधी याच तालुक्यात आळे गावी आहे, हे वारकरी जाणतात. खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेची विशाल रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत शेतांमधून पसरल्या आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे स्कियापारेली नावाचे यान मंगळावर उतरू लागले. त्यावरील प्रक्षेपकाची शक्ती एखाद्या रात्रीच्या मंद दिव्याएवढीच होती. अंतर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर. तो क्षीण स्वर जवळजवळ दहा मिनिटांचा प्रवास करून पृथ्वीवर आला आणि खोडदच्या तबकड्यांनी तो टिपला. यान भूमीस लागण्यापूर्वीच स्वर थांबला; ते मंगळावर आदळून नष्ट झाले होते. मराठी मुलखातील एका खेड्याने दुसऱ्या ग्रहावरची एवढीशी कुजबुज आणि तिचे थांबणे, दोन्ही ऐकले.

ऐकणे शक्य आहे. परंतु ऐकलेल्याचा अर्थ लावण्यात उतावीळ करून चालत नाही. १९६७ साली इंग्लंडात जॉसेलिन बेल या तरुण संशोधिकेस आकाशाच्या एका बिंदूतून नियमित ठोके ऐकू आले. नियमितपणा असा विलक्षण होता की, त्या मंडळींनी थट्टेने त्यास 'छोटी हिरवी माणसे' असे नाव दिले. पुढे कळले की, तो स्वतःभोवती गरगर फिरणारा मृत ताऱ्याचा गाभा आहे. अगदी अलीकडे, एप्रिल २०२५ मध्ये, केंब्रिजचे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांनी १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका ग्रहाच्या वातावरणात एका विशिष्ट वायूची चिन्हे दिसल्याचे सांगितले. पृथ्वीवर तो वायू मुख्यतः सागरातील सूक्ष्मजीव निर्माण करतात. लगोलग इतर अभ्यासकांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासून पुरावा अपुरा असल्याचे दाखविले. कोणी कोणास पाखंडी म्हटले नाही. वाद चालू आहे, आणि तो तसाच चालावयास हवा.

आता आपल्या अंगणातील गोष्ट. मिसरोदवरून जाणारा हा लोहमार्ग आणि हा रस्ता दक्षिणेस औबेदुल्लागंजच्या पलीकडे भीमबेटकाच्या डोंगरांजवळून जातात. १९५७ साली नीमचचे सुपुत्र आणि उज्जैनचे पुरातत्त्ववेत्ते डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांस आगगाडीतून जाताना ते खडक दिसले. ते तेथे पायी गेले, आणि हजारो वर्षांपूर्वीची शैलचित्रे जगापुढे आली. पुढे २००३ साली युनेस्कोने या स्थानास जागतिक वारशाचा मान दिला. वाकणकरांनी आयुष्यभर हजारो शैलाश्रय पालथे घातले, चित्रांच्या नकला स्वतः काढल्या, थरांखालची माती उकरून अवजारे मोजली. चित्रातील प्रत्येक रेषा माणसाच्या हातची आहे, याच श्रद्धेने ते पाहत राहिले.

आणि दुसरीकडे काय होते? १९६८ साली एरिक फॉन डॅनिकन या स्विस लेखकाचे पुस्तक निघाले. प्राचीनांचे देव म्हणजे अंतराळातून आलेले प्रवासी होत, असे त्यात प्रतिपादन होते. त्याची जगभर भाषांतरे झाली. २०१४ साली छत्तीसगडमधील कांकेर जिल्ह्यात चारामाजवळच्या शैलचित्रांत परग्रहवासी व त्यांची याने दिसतात, अशी वार्ता वृत्तपत्रांत झळकली. डोक्यावर काही विचित्र आकार, तोंडास नाक नाही, एवढाच आधार. त्याच भागाला लागून असलेल्या बस्तरमध्ये गौराच्या शिंगांचा मुकुट घालून नाचणारे माडिया बंधू आजही आहेत. पाच हजार वर्षांनी कोणी त्यांचे दोन रेघांचे चित्र पाहील, तर तोही त्यांस परग्रहवासीच म्हणेल!

सज्जनहो, ही गोष्ट मी करमणुकीसाठी सांगत नाही. असल्या मतांनी दुहेरी हानी होते. आपल्या देवतांस यंत्रात बसून आलेले प्रवासी म्हटले म्हणजे भगवंत सर्वांतर्यामी आहे या अनुभवाचीच हकालपट्टी होते. आणि गुहेत बसून, गेरू वाटून, हरिणाची धाव एका रेषेत पकडणाऱ्या आपल्या पूर्वजाचे श्रेय काढून घेतले जाते. श्रद्धेला जेव्हा असल्या उसन्या पुराव्याची काठी लागते, तेव्हा ती श्रद्धा मुळात लंगडी झालेली असते. आपले पोर जर विचारील की, पुष्पक विमान हे परग्रहावरचे यान होते काय, तर त्यास 'हो' म्हणून गप्प करू नका, आणि हसण्यावारीही नेऊ नका. त्यास सांगा की, हे काव्य आहे, त्याचा अर्थ वेगळा आहे; आणि परग्रहांचा शोध घ्यावयाचा असेल तर गणित शिक.

ड्रेक यांनी १९६१ साली या प्रश्नाचे एक सूत्र मांडले. तारे किती, ग्रह किती, जीव कोठे, बुद्धी कोठे, असे घटक एकापुढे एक ठेवून गुणाकार करावयाचा. त्यातील शेवटचा घटक मला सर्वांत मोलाचा वाटतो: संदेश धाडण्याइतकी विद्या आल्यावर ती संस्कृती किती काळ टिकते? आकाश मौन आहे याचे एक कारण असे असू शकेल की, विद्या येते, पण तिच्यापाठोपाठ विवेक येण्यापूर्वीच सर्वनाश ओढवतो. भोपाळकरांस याचा अर्थ फोडून सांगावयास नको. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधल्या त्या रात्री मानवाच्या बुद्धीनेच निर्माण केलेला विषारी वायू शहरावर पसरला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. त्यांत बुद्धीची उणीव नव्हती; उणीव होती ती काळजीची. एक शहर ज्या प्रकारे एका रात्रीत होरपळते, त्याच प्रकारे एखादे जगही विझू शकेल. बुद्धिमान जीव विश्वात आहेत काय, या प्रश्नाचा एक भाग म्हणून आपण स्वतः पुढे किती काळ असणार, हा प्रश्न आपल्याच पदरात पडतो.

या मौनात मानवाने आपला एक स्वर मात्र सोडून दिला आहे, आणि त्यात आपला वाटा आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. ५ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेने व्हॉयेजर १ हे यान सोडले. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. तीत ५५ भाषांतून अभिवादने मुद्रित केली असून त्यांत आपली मराठी आहे. भारतीय संगीताचा नमुना म्हणून तीत जी भैरवी आहे ती गोव्यातील केरी गावच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, सूरश्री केसरबाई केरकर यांच्या कंठातील. यान निघाल्यावर ११ दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंनी देह ठेवला. आज तो स्वर पृथ्वीपासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरांवर आहे, आणि दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास पोहोचावयास त्यास आणखी सुमारे ४०,००० वर्षे लागतील. मैफलीची सांगता भैरवीने करण्याचा आपला रिवाज. येथे मात्र भैरवीने प्रवासास आरंभ केला आहे. ती ऐकणारा कोणी आहे की नाही, हे न जाणता ती गायिली जात आहे. भक्तास हे परके वाटू नये. उत्तराची हमी मागून कोणी नामस्मरण करीत नाही.

मग भक्ताने या प्रश्नाविषयी काय मानावे? माझे नम्र मत असे की, आज एवढेच म्हणावे: 'आहेत असे सिद्ध झालेले नाही, नाहीत असेही सिद्ध झालेले नाही, शोध चालू आहे.' असे म्हणण्यात श्रद्धेस काडीचाही उणेपणा येत नाही. समजा, उद्या दुसरीकडे बुद्धिमान जीव सापडले. आपल्या धर्मास धक्का बसेल काय? ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे येथे ग्रंथ पूर्ण करून जे पसायदान मागितले ते विश्वात्मक देवापाशी मागितले, आणि समस्त प्राणिजातासाठी मागितले. त्यात एका गावाचे, एका जातीचे, अथवा एका ग्रहाचे नाव नाही. नवा पाहुणा कितीही दुरून आला तरी त्याचे पान तेथे मांडलेलेच आहे.

आणि समजा, शोधता शोधता शतके गेली आणि कोणीच सापडले नाही. तर या एवढ्या विश्वात जाणीव नावाचा दिवा फक्त या मातीच्या पणतीत तेवत आहे, असे ठरेल. मग नर्मदेचे पाणी, विंध्याचे रान, भोपाळचा तलाव, त्यावर उतरणारे पक्षी आणि शेजारचा माणूस, यांचे मोल कोणत्या मापाने करावे? नरदेह दुर्लभ आहे, हे वचन तेव्हा केवळ कीर्तनात राहणार नाही. ते आपल्या माथ्यावरचे ऋण होईल. तेव्हा दोहोंपैकी कोणतेही उत्तर आले तरी भक्ताचे काम एकच राहते: अहंकार आवरावा आणि जे जिवंत आहे ते जपावे.

जाता जाता मठाच्या चालकांस एक सूचना करतो. मिसरोद आता खेडे राहिले नाही. भोपाळच्या दिव्यांचा उजेड येथवर आला आहे आणि आकाशगंगेचा पट्टा येथील मुलांच्या दृष्टीस पडेनासा झाला आहे. ज्यांनी आकाशगंगा कधी पाहिलीच नाही, त्यांच्या मुखी 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' हे शब्द केवळ नाद होऊन राहतील. म्हणून हिवाळ्यातील अमावास्येस, आरतीनंतर, मठातील मराठी व हिंदी भाषिक सर्व मुलांस शहरापासून दूर, भीमबेटकाच्या बाजूच्या एखाद्या मोकळ्या माळावर न्यावे. दिवसा पूर्वजांची चित्रे दाखवावी आणि रात्री तारे. व्याख्यान देऊ नये. मुले आपण होऊन विचारतील, 'तेथे कोणी आहे का?' तेव्हा मोठ्यांनी निःसंकोच म्हणावे, 'अद्याप कळलेले नाही. तू शोध.'

श्रीसद्गुरूंनी आपणां सर्वांस ही जिज्ञासा, हा संयम आणि सर्व जीवांविषयी ममत्व द्यावे, अशी त्यांचे चरणी प्रार्थना करतो.